समाधानाची सरासरी आणि दंतवैद्याची खुर्ची

2024 च्या फेब्रुवारीत ब्रिस्टल शहराच्या सेंट पॉल्स भागात दातांच्या एका दवाखान्याबाहेर लागलेली रांग ब्रिटनमधील घराघरांत पोहोचली. एनएचएसचे नवे रुग्ण घेणारा दवाखाना उघडला, एवढेच त्या रांगेचे कारण होते. ती आवरायला पोलिसांना यावे लागले. दूरचित्रवाणीवर ते दृश्य पाहणाऱ्यांना धक्का बसला असेल. रांगेत उभे राहणाऱ्यांना त्याचे फारसे नवल नव्हते. 2022 च्या ऑगस्टमध्येच बीबीसीने देशभर चौकशी करून दाखवून दिले होते की एनएचएसची सेवा देणाऱ्या दर दहा दवाखान्यांपैकी नऊ नवे प्रौढ रुग्ण घेत नाहीत. 2023 च्या जुलैमध्ये संसदेच्या आरोग्य समितीने दंतसेवेवर स्वतंत्र अहवाल सादर केला. त्यानंतर सत्तांतर झाले, मजूर पक्षाने जाहीरनाम्यात तातडीच्या सात लाख जादा भेटींचे आश्वासन दिले, आणि दंतवैद्यांशी असलेला करार बदलण्याची चर्चा पुन्हा सुरू झाली.

या सगळ्या चर्चेचा रोख ‘दंतवैद्य मिळतो की नाही’ या प्रश्नावर आहे. भुकेल्याला जेवणाची चव विचारायची नसते, हा त्यामागचा युक्तिवाद समजण्यासारखा आहे. पण दंतवैद्य मिळाल्यावर जी सेवा मिळते ती चांगली की वाईट, हे ठरवायचे कोणी आणि कशाच्या आधारे, हा प्रश्न त्यामुळे मागे पडला. इंग्लंडमध्ये त्याचे उत्तर मुख्यतः एका मोठ्या वार्षिक पाहणीतून शोधले जाते. लाखो लोकांना पाठवल्या जाणाऱ्या या प्रश्नावलीचा मुख्य विषय कुटुंबवैद्यांची सेवा हा आहे. तिच्यात दंतसेवेचे मोजके प्रश्न असतात. भेट मिळवण्याचा प्रयत्न केला का, ती मिळाली का, आणि एकूण अनुभव कसा होता. त्या ‘एकूण अनुभवा’तून एक टक्केवारी निघते. वृत्तपत्रे तिचा मथळा करतात आणि मंत्री ती संसदेत वाचून दाखवतात.

या टक्केवारीत स्त्री आणि पुरुष एकत्र मिसळलेले असतात. तसे ते असायलाही हरकत नव्हती, जर दोघे एकाच गोष्टीला गुण देत असते. तसे होत नसावे, असे मानायला पुष्कळ आधार आहे.

वैद्यकीय सेवेची गुणवत्ता कशी मोजावी याचा पहिला पद्धतशीर आराखडा अवेडिस डोनाबेडियन यांनी 1966 मध्ये मांडला. दवाखान्याची रचना आणि साधने, उपचाराची प्रत्यक्ष प्रक्रिया आणि त्याचा परिणाम, अशा तीन अंगांनी त्यांनी गुणवत्तेकडे पाहिले. दंतचिकित्सेत यातली दुसरी बाजू रुग्णाला जवळजवळ दिसतच नाही. रूट कॅनॉल करताना मुळाच्या टोकापर्यंत नलिका स्वच्छ झाली की नाही, हे रुग्णाला कळायला मार्ग नसतो. ते क्ष-किरण चित्रात दिसते आणि तेही वाचणाऱ्यालाच. वाईट भरलेली दाढ दोन वर्षे गप्प बसू शकते. उलट उत्तम काम केलेली दाढ पहिले चार दिवस ठणकते. परिणामही असा उशिरा आणि फसवा येत असल्याने रुग्ण त्याला दिसते, ऐकू येते आणि जाणवते त्यावरून निवाडा करतो.

या जाणवण्याचेच मोजमाप करण्यासाठी 1980 च्या दशकात परशुरामन, झाइथामल आणि बेरी या तीन अभ्यासकांनी ‘सर्व्हक्वाल’ नावाची प्रश्नावली तयार केली. ती मुळात बँका, दुरुस्ती सेवा अशा व्यवसायांसाठी होती. पुढे दंतचिकित्सेच्या अभ्यासकांनी ती उचलली. डोळ्यांना दिसणारी साधने, शब्दाला जागणे, तत्परता, विश्वास वाटेल असे वर्तन आणि रुग्णाची आस्था, या पाच बाजूंनी अपेक्षा आणि अनुभव यांतली दरी ती मोजते. भारत, इराण, सौदी अरेबिया, तुर्कस्तान अशा अनेक देशांतील दंतमहाविद्यालयांत ती वापरली गेली आहे आणि त्यातल्या बऱ्याच पाहण्यांनी स्त्री-पुरुषांची उत्तरे वेगळी करून पाहिली आहेत.

त्यांचे निष्कर्ष एका दिशेने जात नाहीत. कुठे स्त्रिया अधिक समाधानी आढळतात, कुठे पुरुष, तर कुठे फरकच दिसत नाही. वय, उत्पन्न, शिक्षण आणि याआधी दंतवैद्याकडे आलेला अनुभव यांचा प्रभाव अनेकदा लिंगापेक्षा जास्त असतो. तेव्हा ‘स्त्रिया अधिक चोखंदळ’ किंवा ‘पुरुष लवकर समाधानी’ अशी सरसकट विधाने करणाऱ्यांपासून सावध राहिलेले बरे. पण एकूण गुणांवर मतभेद असले तरी त्या गुणांपर्यंत पोहोचण्याच्या वाटा वेगळ्या आहेत, हे बरेच सातत्याने दिसते. स्त्रिया दंतवैद्याकडे अधिक नियमित जातात. त्या भीती अधिक प्रमाणात सांगतात. आणि समजावून सांगणे, ऐकून घेणे, दुखण्यावर विश्वास ठेवणे या गोष्टींना त्यांच्या निवाड्यात मोठे वजन असते. पुरुष बहुधा दुखू लागल्यावर येतात, आणि दुखणे थांबले की त्यांच्या लेखी सेवा चांगली ठरते.

यातला भीतीचा मुद्दा जरा थांबून पाहण्याजोगा आहे. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ नॉर्मन कोरा यांनी 1969 मध्ये दंतभय मोजण्याची छोटी प्रश्नावली तयार केली. तिची ब्रिटनमध्ये सुधारलेली आवृत्ती आज सर्वत्र वापरली जाते. तिच्यात प्रश्न फक्त पाच. उद्या दंतवैद्याकडे जायचे असेल तर कसे वाटेल, प्रतीक्षागृहात बसल्यावर, दात कोरायचे यंत्र सुरू होणार असताना, दात साफ करताना आणि हिरडीत भुलीचे इंजेक्शन देताना कसे वाटेल. 5 ते 25 गुणांपैकी 19 किंवा अधिक गुण म्हणजे तीव्र भय. इंग्लंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंडमधील 2009 च्या प्रौढ दंतआरोग्य पाहणीत 12 टक्के प्रौढ या गटात निघाले आणि त्यांत स्त्रियांचे प्रमाण पुरुषांच्या साधारण दुप्पट होते.

हा आकडा वाचून स्त्रिया भित्र्या असतात असा अर्थ काढणे सोपे आहे. तो काढणाऱ्यांनी त्या खुर्चीचा विचार करावा. माणूस पाठीवर आडवा, पाय डोक्याच्या पातळीला, डोळ्यांवर प्रखर दिवा, तोंड उघडे आणि हत्यारांनी भरलेले. बोलता येत नाही. वर मुखपट्टी लावलेला चेहरा, बहुतेक वेळा अनोळखी. ज्या स्त्रीच्या वाट्याला आयुष्यात कधी शारीरिक जबरदस्ती आली आहे तिला ही रचना काय आठवण करून देत असेल, हे सांगायला मानसशास्त्रज्ञ लागत नाही. ब्रिटनच्या दंतपरिषदेच्या नियमांनुसार उपचाराच्या वेळी दंतवैद्यासोबत दुसरी प्रशिक्षित व्यक्ती असावी लागते. त्यामागे वैद्यकीय तातडीचा विचार आहे, पण ज्या रुग्णांना एकांताची धास्ती असते त्यांना या दुसऱ्या व्यक्तीचाच आधार वाटतो. आणि पुरुष? भीती त्यांनाही असते. ती कागदावर उतरवणे त्यांना जड जाते एवढेच. भीती न सांगणारा पुरुष सरळ भेटच टाळतो आणि मग तो ना भयाच्या आकड्यात दिसतो, ना असमाधानाच्या.

दुसरा मुद्दा विश्वासाचा. दातांच्या बहुतेक दुखण्यांना पुरावा असतो: कीड, सूज, चित्रातली काळी छाया. जबड्याच्या सांध्याचे आणि त्याभोवतीच्या स्नायूंचे जुनाट दुखणे मात्र अनेकदा चित्रात दिसत नाही. तोंडाची आग होण्याचा विकार तर असा की तोंड तपासले असता सारे निरोगी आढळते आणि रुग्णाला जीभ पोळल्यासारखी वाटत असते. हा विकार प्रामुख्याने रजोनिवृत्तीच्या काळातील आणि त्यानंतरच्या स्त्रियांना होतो. जबड्याच्या दुखण्यासाठी उपचार मागायला येणाऱ्यांतही स्त्रियाच बहुसंख्य. म्हणजे ज्या तक्रारींना दाखवण्याजोगा पुरावा नाही, त्या तक्रारी घेऊन येणारे रुग्ण मुख्यतः एकाच लिंगाचे आहेत. ‘काहीच नाहीये, ताण घेऊ नका’ हे वाक्य तांत्रिकदृष्ट्या बरोबर असू शकते. ऐकणारीच्या लेखी सेवेचा दर्जा त्याच क्षणी ठरलेला असतो. अशी स्त्री प्रश्नावलीत ‘वाईट’ या चौकटीवर खूण करते, तेव्हा तिला नाराज गिऱ्हाईक समजून सोडून देणे म्हणजे हातची निदानविषयक माहिती फेकून देणे होय.

स्त्रीच्या तोंडाविषयी परस्पर निर्णय घेण्याची परंपरा तशी जुनी आहे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ब्रिटनच्या काही भागांत, विशेषतः कष्टकरी वस्त्यांत, लग्नाआधी मुलीचे सगळे दात काढून तिला कवळी भेट देण्याची चाल होती. पुढे नवऱ्याला खर्च पडू नये हा त्यामागचा हिशेब. दात निरोगी होते की नाही हा प्रश्न गौण होता. एनएचएस 1948 मध्ये सुरू झाली तेव्हा कवळ्यांसाठी जी झुंबड उडाली तिच्यामागे अशा अनेक पिढ्यांची तोंडे होती. तिचा खर्च इतका वाढला की 1951 मध्ये कवळ्यांना शुल्क लावले गेले आणि आरोग्यसेवेचे जनक अन्यूरिन बेव्हन यांनी त्या निषेधार्थ मंत्रिपद सोडले.

आज कायद्याने परिस्थिती उलट आहे. गरोदर स्त्रीला आणि प्रसूतीनंतर बारा महिने एनएचएसची दंतसेवा विनामूल्य मिळते. त्याला शास्त्रीय कारण आहे. गरोदरपणातील संप्रेरकांच्या बदलांमुळे हिरड्या सुजतात, त्यांतून रक्त येते. उलट्यांमधील आम्लाने दातांचे कवच झिजते. ‘एका मुलामागे एक दात’ या जुन्या समजुतीला असा काही आधार होता. 2018 च्या जुलैपासून गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांच्या दातांत चांदी भरणेही बंद आहे, अपवादात्मक वैद्यकीय गरज असेल तरच ती भरता येते. त्याऐवजी पांढरे द्रव्य भरायचे, ज्याला दात कोरडा ठेवावा लागतो आणि म्हणून वेळही जास्त लागतो. पण हक्क विनामूल्य असला तरी तो वापरायचा कुठे? नवे रुग्ण न घेणाऱ्या दवाखान्यात गरोदर स्त्रीही नवीच असते. नऊ महिने आणि वर अधिक बारा महिने ही मुदत प्रतीक्षायादीत सहज संपते. मिळालेल्या सेवेचे मूल्यमापन करणाऱ्या सरासरीत हा अनुभव नीट उतरतच नाही.

आता पुरुषांकडे. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राच्या अभ्यासकांनी 2009-10 मधील राष्ट्रीय तपासणीच्या आधारे 2012 मध्ये प्रसिद्ध केलेले आकडे आजही उद्धृत केले जातात. तीस वर्षांवरील प्रौढांपैकी 47.2 टक्क्यांना दाताभोवतीच्या हाडापर्यंत पोहोचणारा हिरड्यांचा विकार होता. पुरुषांत हे प्रमाण 56.4 टक्के, स्त्रियांत 38.4 टक्के. ही पाहणी तोंडात मोजपट्टी घालून केलेली होती, कोणाला काय वाटते ते विचारून नव्हे. या विकाराचे वैशिष्ट्य असे की तो बहुतेक काळ दुखत नाही. मग ‘दुखत नाही, म्हणजे ठीक आहे’ हा निकष लावणारा रुग्ण त्याला हमखास बळी पडतो. मुखाच्या कर्करोगाचेही तेच. ब्रिटनमध्ये त्याचे रुग्ण बहुसंख्येने पुरुष आहेत. भारतीय पुरुषांत तर ओठ आणि मुखाचा कर्करोग सर्व कर्करोगांमध्ये पहिल्या क्रमांकावर आहे. तोंडातला पांढरा चट्टा सुरुवातीला दुखत नाही. नियमित तपासणीत तो दंतवैद्याच्या नजरेला पडतो; तपासणीलाच न जाणाऱ्याच्या बाबतीत तो मोठा होईपर्यंत कोणाच्या नजरेला पडत नाही.

म्हणजे चार वर्षांतून एकदा येणारा, ठणकणारी दाढ काढून घेणारा आणि ‘उत्तम सेवा’ असे लिहून जाणारा पुरुष हा व्यवस्थेच्या यशाचा दाखला म्हणून मोजला जातो. दुसरीकडे वर्षातून दोनदा येणारी, प्रश्न विचारणारी, उत्तर पटले नाही म्हणून कमी गुण देणारी स्त्री हा अपयशाचा. तोंडाच्या आरोग्याच्या दृष्टीने पाहिले तर दोघांबाबतचा निष्कर्ष नेमका उलटा असण्याची शक्यता पुष्कळ आहे. सरासरी काढताना त्याचे समाधान तिच्या असमाधानात मिसळते आणि मधोमध जो आकडा उरतो तो दोघांपैकी कोणाचाच नसतो.

त्यात आणखी एक गुंता आहे. स्त्री अनेकदा केवळ स्वतःच्या दातांचे मत देत नसते. समजा, रेडिंगमध्ये राहणारे एक मराठी जोडपे आहे. दोघेही माहिती तंत्रज्ञानात नोकरी करणारे. मुलांच्या तपासण्यांच्या तारखा तिच्या फोनमध्ये आहेत. दवाखान्याचा फोन लागेपर्यंत सकाळी आठ वाजता ती थांबून राहते. सहा महिन्यांसाठी आलेल्या सासूबाईंची कवळी टोचते तेव्हा खासगी दवाखाना तीच शोधते, सोबत तीच जाते, आणि ‘टोचते’, ‘सलते’, ‘ठणकते’ यांतला फरक इंग्रजीत तीच सांगते. नवऱ्याचा क्राऊन निघाला तर भेट कोण घेणार, हेही ठरलेले. मग दवाखान्याने पाठवलेल्या दुव्यावर ती पाचपैकी तीन तारे देते तेव्हा ते चार तोंडांचे आणि अकरा फोनचे गुण असतात. नवरा पाच तारे देतो. त्याला वेळेवर बोलावले, दुखले नाही, वीस मिनिटांत सोडले. दोघेही खरेच बोलत आहेत.

परदेशस्थ मराठी कुटुंबांचा ‘दात भारतात गेल्यावर करू’ हा शिरस्ताही या चौकटीत पाहता येतो. पुण्या-मुंबईत तीन आठवड्यांच्या सुटीत दोन रूट कॅनॉल आणि तीन कॅप उरकून येणारे प्रत्येकाच्या ओळखीत असतात. किंमत आणि वेग या निकषांवर तो सौदा चांगलाच असतो. मराठीत बोलता येते, दंतवैद्य शाळासोबत्याचा भाऊ असतो, आणि तोंडात हत्यार असतानाही तो बोलत राहतो, हे बारीक फायदे वेगळे. पण दातांच्या उपचाराचा दर्जा पाठपुराव्यात दिसतो. मार्चमध्ये सैल झालेल्या कॅपसाठी डिसेंबरच्या तिकिटाची वाट पाहणे हा निकष घरात कोणाच्या लक्षात असतो आणि कोणाच्या नसतो, याची उत्तरे घरोघरी वेगळी असतील. पण प्रश्नावलीत तो निकष नाही.

मराठी स्त्रियांशी थेट संबंध असलेली एक बाब ब्रिटनमधील दंतवैद्यांच्या नोंदपत्रकात सहज निसटते. महाराष्ट्रात मिश्री लावण्याची सवय पिढ्यान्‌पिढ्या प्रामुख्याने स्त्रियांत राहिली आहे. मिश्री म्हणजे भाजून कुटलेला तंबाखू. पण लावणारीच्या लेखी ते दात घासणे असते, तंबाखू खाणे नव्हे. मुंबईतील 1,217 गरोदर स्त्रियांच्या, 2004 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात धूरविरहित तंबाखू वापरणाऱ्या स्त्रियांच्या बाळांचे जन्मवजन कमी आणि प्रसूती मुदतीआधी होण्याचे प्रमाण जास्त आढळले होते. साताऱ्याहून मुलाकडे आलेल्या वृद्ध बाईंना ‘तुम्ही तंबाखू घेता का’ असे विचारले तर उत्तर ‘नाही’ येईल, आणि ते खोटे नसेल. शिवाय दुभाष्या म्हणून मुलगाच शेजारी उभा असेल तर ‘मिश्री’ हा शब्द उच्चारला जाण्याची शक्यता आणखी कमी. ब्रिटनमधील आरोग्यविषयक मार्गदर्शक संस्था ‘नाइस’ने 2012 मध्ये दक्षिण आशियाई समाजांसाठी काढलेल्या सूचनांत नेमके हेच म्हटले आहे की अशा पदार्थांविषयी विचारताना लोकांच्या वापरातली नावे घ्यावीत. सूचना स्वच्छ आहे. ती पाळायला दंतवैद्याकडे एक जादा मिनिट आणि थोडे कुतूहल लागते.

दंतवैद्य स्त्री असेल तर हा फरक मिटतो का, असा प्रश्न साहजिकच विचारला जातो. या व्यवसायाची दारे स्त्रियांना सहज उघडली नाहीत. लिलियन लिंडसे यांना लंडनच्या दंतरुग्णालयाच्या प्रमुखांनी आत न घेता रस्त्याच्या पदपथावरच मुलाखत घेऊन नकार दिला. त्या एडिंबरोला गेल्या आणि 1895 मध्ये ब्रिटनच्या पहिल्या पदवीधर स्त्री दंतवैद्य झाल्या. फातिमा जिना यांनी कलकत्त्यात शिकून 1923 मध्ये मुंबईत दवाखाना उघडला तेव्हा तेही अप्रूपच होते. आज ब्रिटनच्या नोंदवहीतील दंतवैद्यांत निम्म्याहून अधिक स्त्रिया आहेत. डेब्रा रोटर आणि सहकाऱ्यांनी 2002 मध्ये अनेक अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण करून दाखवले की स्त्री डॉक्टर रुग्णासोबत सरासरी दोन मिनिटे अधिक घालवतात आणि भावनांविषयी अधिक बोलतात. ते विश्लेषण दंतवैद्यांचे नव्हते, हे लक्षात ठेवले पाहिजे. आणि खुर्चीत बसलेल्या स्त्रीला जे हवे आहे ते दंतवैद्याच्या लिंगापेक्षा त्या दोन मिनिटांत दडलेले असावे. त्या दोन मिनिटांचे पैसे कोण देणार, हा पुढचा प्रश्न आहे.

इंग्लंडमधील 2006 च्या कराराने त्याचे उत्तर ‘कोणी नाही’ असे दिले. त्यानुसार दंतवैद्याचे काम ‘यूडीए’ नावाच्या एककात मोजले जाते. तपासणीचे एक एकक, दात भरण्याची वा काढण्याची तीन, क्राऊन किंवा कवळीची बारा. एक दात भरला काय किंवा सहा भरले काय, एकके तीनच, अशी सोळा वर्षे स्थिती होती. 2022 च्या नोव्हेंबरमध्ये तीन किंवा अधिक दात भरण्यास पाच आणि दाढेच्या रूट कॅनॉलला सात एकके देऊन ती थोडी सुधारली. रुग्णाकडून घेतले जाणारे शुल्कही असेच टप्प्यांचे: 2025 च्या एप्रिलमध्ये लागू झालेल्या दरांनुसार ते 27.40, 75.30 आणि 326.70 पौंड होते. या गणितात घाबरलेल्या रुग्णाला शांत करण्यासाठी खर्च झालेला पाव तास शून्य एककांचा आहे. जबड्याच्या दुखण्याचा इतिहास ऐकून घेणे त्याच तपासणीच्या एका एककात बसवायचे. चार वर्षांनी आलेल्या पुरुषाला दाढ काढून झाल्यावर ‘हिरड्यांचे काय करायचे ते बोलू या’ म्हणून थांबवून ठेवण्यातही दंतवैद्याचे नुकसानच आहे.

म्हणजे करार वरवर लिंगनिरपेक्ष आहे. प्रत्यक्षात तो हत्याराने केलेल्या कामाला मोल देतो आणि संभाषणाला देत नाही. संभाषण हाच ज्यांच्या लेखी दर्जाचा मोठा भाग आहे त्यांना त्याची झळ आधी आणि मोठ्याने जाणवते. ज्यांना त्याची गरज असून जाणीव नाही, त्यांची झळ दहा वर्षांनी हलणाऱ्या दातांत दिसते.

यावर एक आक्षेप रास्त आहे. रुग्णाला काय वाटते यावर दर्जा ठरवू लागलो तर गोड बोलणारा अडाणी दंतवैद्य पुढे जाईल आणि कमी बोलणारा कसबी मागे पडेल. खासगी दवाखान्यांच्या जाहिरातींत मऊ खुर्च्या आणि कॉफीचे यंत्र ठळक दिसते ते उगाच नाही. पण हा आक्षेप समाधानाच्या एकाच आकड्याला लागू होतो, रुग्णाला नेमके प्रश्न विचारण्याला नव्हे. ‘अनुभव कसा होता’ याऐवजी ‘उपचाराचे पर्याय समजावले का’, ‘थांबा अशी खूण करायला हात वर करता येईल, हे सांगितले का’, ‘तुमच्या दुखण्याचे कारण सापडले नाही तेव्हा पुढे काय करायचे ते ठरले का’, असे विचारले तर उत्तरे मतांची राहत नाहीत, घटनांची होतात. घटना स्त्री-पुरुषांना वेगळ्या आठवतील कदाचित, पण इतक्या वेगळ्या नाहीत. अशा उत्तरांचे आकडे लिंग, वय आणि शेवटची भेट किती दिवसांपूर्वी झाली या तिन्हींनुसार वेगळे करून पाहिले तर समाधानी पण गैरहजर पुरुष आणि हजर पण असमाधानी स्त्री हे दोन्ही रुग्ण कागदावर दिसू लागतील.

सरकारने सध्याच्या संसदेची मुदत संपण्यापूर्वी करार मुळापासून बदलण्याचे आश्वासन दिले आहे. तोवरच्या सुधारणांचा भर तातडीच्या भेटी आणि गुंतागुंतीच्या उपचारांसाठी वाढीव मोबदल्यावर आहे. तातडीच्या भेटी वाढल्या की त्यांचा पहिला लाभ दुखू लागल्यावरच येणाऱ्यांना होईल, आणि समाधानाचा आकडा बहुधा वर जाईल. दंतभयाची पाच प्रश्नांची प्रश्नावली भरायला दोन-तीन मिनिटे लागतात. ती प्रत्येक नव्या रुग्णाला दिली जावी आणि तिच्या उत्तरावरून भेटीचा वेळ ठरावा, त्या जादा वेळाचे पैसे मिळावेत, ही मागणी वाटाघाटीच्या मेजावर नेण्याइतकी छोटी आणि मोजता येण्याजोगी आहे.